कांद्याचा विषय सोडून

मुक्काम गोल्फचा माळ, तालुका पारनेर
पाडव्यानंतरचा शुक्रवार, पहाटे (पाणी देऊन झाल्यावर)

आदरणीय रंभाजी दाजी यांस,

पारनेरच्या माळावरून बिभीषणाचा, उन्हामुळे टोपी न काढता पण कमरेत पूर्ण वाकून नमस्कार. आमच्या पुष्पाअक्काला आशीर्वाद मागितला आहे म्हणून सांगा. कालव्याचं आवर्तन सुटलं का? तुमच्या चारीला पाणी पूर्ण दाबानं येतं का? आणि तुमचा गुडघा कसा आहे? (हा प्रश्न खरं तर पहिला यायला हवा होता. पण यंदा आमच्याकडे माणूस भेटला की आधी त्याच्या विहिरीची चौकशी होते, मग त्याची. सवय लागली आहे, राग मानू नये.) गुडघ्याला तेल लावताना खालून वर चोळावं, वरून खाली नव्हे. हे मी कोणाकडून शिकलो नाही, स्वतःच्या गुडघ्यावर करून बघितलं आहे.

एवढं सगळं फोनवर विचारलं असतं. पण माझा नंबर दिसला की तुमच्या फोनची रेंज जाते, हे गेल्या श्रावणापासून माझ्या लक्षात आलं आहे. (अक्काच्या फोनला त्याच घरात, त्याच ओट्यावर भरपूर रेंज असते, पण ते असो.) म्हणून पत्र. पत्राला रेंज लागत नाही आणि मध्येच बंदही करता येत नाही.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. या पत्रात मी कांद्याचा विषय काढणार नाही. तुमच्या नव्या बंगल्याच्या वास्तुशांतीला मी इथून ओल्या गोणपाटात गुंडाळून, एसटीत मांडीवर घेऊन हरळी आणली, तुमच्याच सांगण्यावरून अंगणात लॉन लावून दिली, ती लॉन सगळ्या बेलापुरानं येऊन बघितली, आणि पुढं तीच हरळी अंगण सोडून बांधावर आणि बांध सोडून तुमच्या कांद्यात शिरली, त्यावरून तुम्ही मला भर पंगतीत काय काय बोललात, हा विषय घरगुती आहे. तो पत्रात लिहिण्यासारखा नाही. म्हणून लिहीत नाही.

तर इकडची हकिगत. तुम्ही इकडं कधी फिरकला नाहीत, म्हणून मी काय काम करतो ते आधी थोडक्यात सांगतो. आमचे मालक आप्पासाहेब काही वर्षांपूर्वी पतसंस्थेच्या संचालकांबरोबर मलेशियाला अभ्यासदौऱ्यावर गेले होते. बाकीचे संचालक तिकडून चॉकलेटं आणि बॅटऱ्या घेऊन आले, आप्पासाहेब गोल्फ घेऊन आले. ज्या माळावर शेळीसुद्धा पुढच्या गावाला जायची वाट म्हणूनच पाय ठेवायची, तिथं त्यांनी नऊ भोकांचं मैदान काढलं. सुप्याच्या कारखान्यांतले परदेशी साहेब आणि पुण्याचे काही हौशी लोक येऊन खेळतात. खेळ सोपा आहे. लांबून काठीनं चेंडू मारत मारत आणायचा आणि भोकात घालायचा. भोकाभोवती गोल, गालिच्यासारखं बारीक कापलेलं गवत असतं, त्याला ग्रीन म्हणतात. बाकी मैदानावर गवत थोडं मागंपुढं झालं तरी चालतं, पण ग्रीनवर चेंडू असा घरंगळला पाहिजे की जणू ताटातून वाटाणा. या नऊ ग्रीन माझ्या ताब्यात आहेत. आणि दाजी, हे जे जगभरचे साहेब लोक बूट पुसून ज्याच्यावर पाय ठेवतात, ते गवत म्हणजे दुसरं तिसरं काही नसून आपली हरळी. बारीक पानाची, विलायती घराण्यातली, पण हरळीच.

आमच्या वडिलांना मी एकदा मोठ्या हौसेनं मैदान दाखवायला आणलं होतं. त्यांचा सगळा जन्म कुदळीनं हरळी खणण्यात गेला. ते पहिल्या ग्रीनच्या कडेला उभे राहिले, बराच वेळ बघत राहिले, आणि मला म्हणाले, "एवढी माजूस्तवर काय करत व्हता रं?" मग त्यांनी कुदळ मागितली. त्यांना चहाला नेताना फार कष्ट पडले.

हे काम मी कोणत्याही शाळेत शिकलो नाही. इथं आलो तेव्हा पंपावर मोटार चालू-बंद करायला होतो. पुढं मोबाईलवर परदेशी माळ्यांचे व्हिडिओ बघत गेलो, तेही आवाज बंद ठेवून. (भाषा कळली तर माणूस तोंडाकडं बघत बसतो. भाषा न कळली की हाताकडं बघतो. शिकण्याची ही पद्धत मी अनेकांना सांगितली आहे.) आज मला नुसत्या चालण्यावरून कळतं की गवत तहानलेलं आहे का. पोट भरलेल्या हरळीवर पाय दिला की ती लगेच उभी राहते, तहानलेलीवर पावलाचा ठसा तसाच राहतो. मशीनचं पातं बोथट असेल तर पानाचं टोक पांढरं पडतं. ते दुसऱ्या कोणाला दिसत नाही, मला क्लबच्या गच्चीवरून दिसतं. गवत चार मिलिमीटर कापायचं असतं. उन्हाळ्यात मी साडेचार ठेवतो. या अर्ध्या मिलिमीटरवर माझं आणि आप्पासाहेबांचं एकदा अर्धा दिवस भांडण झालं होतं आणि ते मी जिंकलो.

यंदाचा उन्हाळा मात्र जिंकण्यासारखा नाही. पाऊस आमच्यावरून गेला, आमच्याकडं आला नाही. संक्रांतीलाच विहिरीत कातळ दिसायला लागला आणि शेततळ्याचा कागद उघडा पडून त्यावर कुत्री झोपायला लागली. गावाला टँकर सुरू झाला. आता गाव हंडे घेऊन रांगेत उभं असताना मी गवतावर नळी धरली असती, तर लोकांनी आधी मला आणि मग गवताला कापलं असतं, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नसतं. म्हणून मी देवळात जाऊन, पारावरच्या सगळ्यांच्या देखत, नारळावर हात ठेवून सांगितलं की प्यायच्या पाण्याचा एक थेंब हरळीला जाणार नाही. एकदा माणसाच्या अंगावरून गेलेलं पाणीच गवताला जाईल. तेव्हापासून क्लबच्या खोल्यांतलं आंघोळीचं पाणी मी वाळू-कोळशातून गाळून टाकीत घेतो आणि झारीनं ग्रीनला देतो. पाईप कुठून कसा वळवला, उतार किती ठेवला, हे सगळं सांगण्यासारखं आहे, पण तुम्ही कंटाळाल. (तुम्हाला हवं असल्यास वेगळा कागद जोडतो.)

या व्यवस्थेमुळे माझा पाहुण्यांकडं बघण्याचा दृष्टिकोन बदलला. पूर्वी कोण कसा खेळतो ते बघायचो, आता कोण कशी आंघोळ करतो ते बघतो. एक जपानी साहेब आहेत, संध्याकाळी खेळून आले की निवांत, मन लावून आंघोळ करतात. त्यांच्या एकट्याच्या जिवावर माझी तिसरी ग्रीन उभी आहे. तिला त्यांच्या साबणाचा वाससुद्धा येतो. याउलट पुण्याचे एक गृहस्थ दोन दिवस राहिले आणि नुसता अत्तराचा फवारा मारून निघून गेले, तेव्हा माझी पाचवी ग्रीन पिवळी पडली. मी न्हाणीघरांतून 'कृपया निवांत आंघोळ करावी' अशी पाटी लावली होती. सगळ्या महाराष्ट्रात पाणी जपून वापरा म्हणत असताना असं आग्रहानं सांगणारी ती एकमेव पाटी असावी. आप्पासाहेबांनी क्लबच्या टँकरचं बिल बघून ती काढायला लावली. आमची भारती तर म्हणते, "पोरांनी आंघोळ केली का, हे कधी विचारलं नाहीत, आणि परक्या पुरुषांच्या मागं टॉवेल घेऊन उभे राहता." बायकांना शेतीतलं मर्म कळत नाही असं मी म्हटलं, त्यावर तिनं त्या दिवशी भाकरी अशा थापल्या की आवाज रस्त्यापर्यंत गेला.

अशात फाल्गुनात एक माणूस आप्पासाहेबांकडं प्लास्टिकच्या गवताचा तुकडा घेऊन आला. पाणी नको, खत नको, कापायला नको, वर्षभर हिरवं. आप्पासाहेबांनी तो तुकडा टेबलावर काचेखाली ठेवला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हात फिरवून बघायला सांगू लागले. मला बोलावून म्हणाले, "बिभीषण, नऊच्या नऊ ग्रीन ह्यानं झाकून टाकू. तू परत पंपावर जा, सावलीत बसून राहशील." दाजी, मी तो तुकडा उचलला, भर दुपारी अंगणात नेऊन टाकला, थोड्या वेळानं आप्पासाहेबांना नम्रपणे विनंती केली की अनवाणी यावर उभं राहून दाखवा. ते उभे राहिले आणि त्या वयात, त्या वजनात, ज्या चपळाईनं खाली उतरले ती बघण्यासारखी होती. मला वाटलं विषय संपला. ते तळवा चोळत म्हणाले, "अरे, माणसं बूट घालून खेळतात!" शेवटी असं ठरलं की मेअखेर सुप्याच्या साहेबांचे सामने आहेत, तोपर्यंत माझी हरळी खेळण्यालायक दिसली तर ती राहील, नाहीतर पाऊस पडायच्या आत प्लास्टिक येईल. आणि सगळ्यात आधी मी सातवी ग्रीन दाखवावी, ती बघून ते पुढचं बोलतील.

सातवी ग्रीन म्हणजे माझी थोरली लेक समजा. ती क्लबच्या गच्चीसमोर आहे. तुमच्या अंगणातली हरळीही तिच्याच पोटची. (हा केवळ माहितीसाठी उल्लेख आहे, कांद्याशी संबंध नाही.) तिच्यासाठी मी शेडनेट बांधलं, आणि उन्हानं माती तडकू नये म्हणून वर खताचा पातळ थर द्यायचं ठरवलं. बाजारचं खत मी वापरत नाही. आमच्या गावात छबूबाई म्हणून खुरपणीच्या टोळीच्या मुकादम आहेत, त्यांच्या उकिरड्यातलं जुनं, काळं, चहाच्या पुडीसारखं कुजलेलं शेणखत आणलं आणि भारतीच्या रव्याच्या चाळणीनं स्वतः चाळलं. (चाळण तिला न सांगता नेली होती. तो वेगळा अध्याय आहे.) कचरा नाही, खडा नाही, काडी नाही. आता छबूबाईच्या म्हशी लसूणघास खातात आणि घासाचं बी रव्यापेक्षा बारीक असतं, हे चाळण बनवणाऱ्यांनी लक्षात घ्यायला हवं होतं. होळीनंतर बघतो तर सातव्या ग्रीनवर हरळीतून जागोजाग घासाची तीन तीन पानांची गोंडस रोपं वर आलेली.

मी हाताखालच्या गड्यांवर हे काम सोपवलं नाही. थेट छबूबाईंनाच टोळी घेऊन बोलावलं. त्यांच्याइतकं स्वच्छ खुरपणारं पारनेर तालुक्यात कोणी नाही. त्या खुरपून गेल्या की त्या रानात पुढं दोन वर्षं तण दिसत नाही, अशी त्यांची ख्याती. आल्याबरोबर मी सगळ्या बायांना शेडनेटखाली बसवून नीट समजावलं. फळीवर बसायचं, गवतावर थेट टाच टेकवायची नाही. खुरपं तिरकं धरायचं. पाटल्या-बांगड्या वर सरकवायच्या. मिसरी लावून थुंकायचं असेल तर आठव्या ग्रीनच्या पलीकडं जायचं. मूळ हलवून न तोडता, सरळ वर ओढायचं. एक बाई पेंगायला लागली तेव्हा मी मुळांची लांबी पुन्हा पहिल्यापासून सांगितली. सगळं सांगून झाल्यावर शेवटी म्हटलं, "थोडक्यात काय, पीक तेवढं ठेवा, बाकी सगळं मुळासकट काढा." छबूबाई म्हणाल्या, "भाऊ, ह्ये आमाला सांगाया लागतं व्हय?" एवढ्यात आप्पासाहेबांचा निरोप आला आणि मी ऑफिसात गेलो. पीक कोणतं, एवढं एक सांगायचं राहिलं. पण गोल्फच्या मैदानावर पीक कोणतं हे कोणी सांगतं का? ताटावर बसलेल्या माणसाला आपण सांगतो का की भात खायचा आणि ताट ठेवायचं?

ऑफिसात मी त्या दिवशी जे बोललो तसं आयुष्यात बोललो नाही. हरळीवर बोललो. म्हटलं, आप्पासाहेब, ती जाळली तरी फुटते, नांगरली तरी फुटते, आपल्या बापजाद्यांना जी संपवता आली नाही ती ह्या उन्हाळ्यानं काय संपणार. गणपतीला सोनं चालत नाही, हिची काडी लागते. प्लास्टिकची जुडी वाहणार का तुम्ही? शेवटचं वाक्य आप्पासाहेबांना लागलं. ते श्रद्धाळू आहेत. त्यांनी काचेखालचा तुकडा काढून खणात टाकला आणि म्हणाले, "चल, दाखव तुझी सातवी." मी पुढं, ते मागं. वाटेत मी म्हणालो की डोळे मिटून या, मी सांगीन तेव्हा उघडा. असा प्रसंग आयुष्यात एकदाच येतो म्हणून मलाच तशी हुक्की आली. त्यांनी खरंच डोळे मिटले.

उघडले तेव्हा समोर उकरलेली, चाळलेली, भुसभुशीत लाल माती होती. हरळीचं एक पान नव्हतं. आणि त्या मातीत, अंतर सोडून, प्रत्येकाभोवती बोटानं आळं केलेली, घासाची हिरवीगार रोपं डोलत होती. भोक होतं, भोकात झेंडा होता. झेंड्याखाली छबूबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं, ते मी लेकीची पाठवणी नीट पार पाडलेल्या आईच्या चेहऱ्यावरच बघितलं आहे.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "लई हरळी माजली व्हती बगा तुमच्या घासात. पार गुदमरला व्हता बिचारा. आता बगा म्हैनाभरात कसा कंबरंला लागतो."

मी म्हटलं, "छबूबाई, हरळी कुठं आहे?"

"त्याची काळजी न्हाई. बांधावर टाकली आस्ती तर ती सटवी पुन्यांदा फुटली आस्ती. खडकावर नेऊन जाळली समदी. राख पोत्यात भरून ठिवलीया, घासाला चांगली आसती." मग त्या वाकून एक रोप कुरवाळत म्हणाल्या, "मी वळखला ना ह्यो. माझ्याच म्हशीचा घास हाय. बी तरी सांगून न्यायचं, भाऊ."

आप्पासाहेबांनी मला शांतपणे विचारलं, "बिभीषण, हे साहेब लोक चेंडू मारणार आहेत का म्हशी घेऊन येणार आहेत?" मी त्यांना घासाच्या पानातल्या पोषणमूल्याबद्दल काहीतरी सांगायला लागलो होतो, असं लोक म्हणतात. मला आठवत नाही. ते ऑफिसात गेले. खण उघडल्याचा आवाज मला सातव्या ग्रीनपर्यंत ऐकू आला.

आता मुदत तीच, मेअखेर. सातवी पुन्हा हिरवी झाली तर झाली, नाहीतर नवाच्या नवांवर प्लास्टिक आणि मी पंपावर. वय असं की दुसरीकडं कोणी मला हरळी लावायला बोलावेल हे संभवत नाही. (उपटायला बोलावतील, पण तो माझ्या विद्येचा अपमान होईल.) आणि दाजी, माझं जाऊ द्या. सकाळी झारी घेऊन निघालो की पाय आपोआप सातवीकडं वळतात, आणि तिथं पावलाचा ठसा उठतो तो मातीत. ते मला बघवत नाही.

छबूबाईंना मात्र मी एक शब्द बोललो नाही. चूक त्यांच्या हाताची नव्हती. हात इतका चांगला की फक्त दिशा द्यायची बाकी, हे माझ्यासारख्या शिकवणाऱ्याला लगेच कळतं. तेव्हापासून रोज त्यांच्या टोळीला बाकीच्या ग्रीनवर बसवून मी नव्यानं शिकवतो आहे. धडा एकच, की हरळी हे पीक आणि हरळी सोडून जे दिसेल ते तण. आणि बेणं काढायचं असेल तर आधी आजूबाजूचं बाकी सगळं मुळासकट उपटून रान स्वच्छ करायचं, मगच हरळीला हात लावायचा, म्हणजे बेण्यात भेसळ येत नाही. सुरुवातीला त्यांना फार जड गेलं. छबूबाई म्हणायच्या, "सासूला आई म्हनायला लावताय, भाऊ. म्हनीन, पर येळ लागंल." पण आता अशा तयार झाल्या आहेत की विचारू नका. परवा क्लबच्या दारातली आप्पासाहेबांची झेंडूची सगळी रोपं त्यांनी कोणी न सांगता उपटून टाकली, कारण ती हरळीत उभी होती. आप्पासाहेब चिडले, पण मला मनातून धन्य वाटलं. शिकवलेलं असं अंगी मुरलेलं कोणत्या शाळेत दिसतं?

असो. फार लिहिलं. पत्रात काही मागणं वगैरे नाही, केवळ खुशाली कळवावी म्हणून लिहिलं. अक्काला सांगा की भारतीची चाळण मी नवी आणून दिली आहे. घरात लहानथोरांना ज्याच्या त्याच्या मानाप्रमाणे नमस्कार आणि पापे वाटून द्यावेत.

आपला,
गवताइतकाच तहानलेला मेहुणा,
बिभीषण

ता. क. : एक किरकोळ मागणं आठवलं. सातवीवर लावायला हरळीचं बेणं लागणार आहे. बाकीच्या आठ ग्रीन कशाबशा जीव धरून आहेत. त्यांच्याकडून काडी मागणं म्हणजे आजारी माणसाचं रक्त काढण्यासारखं आहे. रोपवाटिकेचा तुकडा मी पाणी वाचवायला स्वतःच वाळू दिला. विकत आणायचं म्हटलं तर आप्पासाहेब म्हणतात, पैसे घालायचे तर प्लास्टिकात घालू. म्हणजे त्या घराण्याची धडधाकट, पाणी पिऊन माजलेली हरळी या घडीला पृथ्वीवर एकाच ठिकाणी आहे. तुमच्या कांद्यात. (विषय तुम्ही काढला नाहीत, मीही काढला नाही, तो आपोआप निघाला.) पंगतीत तुम्ही म्हणाला होतात, "तुझी हरळी तू घेऊन जा." त्या वेळी मी ते रागाचं बोलणं समजलो. आता नीट विचार केल्यावर मला तुमचं म्हणणं पटलं आहे. घेऊन जातो.

आणखी एक : अक्काकडून असं कळलं की तुम्ही या आठवड्यात अंगणावर आणि बांधावर तणनाशक मारणार आहात. पंप भरला असेल तर तसाच खाली ठेवावा. तुमच्या पाया पडतो. गुडघा दुखत असताना पाठीवर पंप घेऊही नये.

आणखी एक : बेणं न्यायला तुम्हाला काहीच त्रास पडू नये अशी व्यवस्था केली आहे. आमच्या गावातल्या सहादेवचा टेम्पो करून छबूबाई आणि त्यांची सगळी टोळी तुमच्याकडं पाठवतो आहे. हे पत्र त्यांच्याच हाती आहे. त्यांची रोजंदारी माझ्याकडं. तुम्ही फक्त चहा द्यावा, दुपारी भाकरी-पिठलं केलं तर फारच बरं. कांद्यातली, बांधावरची, अंगणातली सगळी हरळी त्या मुळासकट काढून गोणपाटात भरून आणतील. म्हणजे माझी सातवी उभी राहील, तुमचं रान फुकटात निर्मळ होईल, आणि आपल्यात जे काही झालं ते त्याच टेम्पोत भरून निघून जाईल. मे महिन्यात अक्काला घेऊन सामने बघायला या. निवांत आंघोळ करावी अशी वेगळी विनंती करतोच आहे.

शेवटचं : सहादेव हॉर्न वाजवतो आहे म्हणून घाईत लिहितो. छबूबाईंना कोणी काही सांगायची वाट बघण्याची सवय नाही. पत्र तुमच्या हातात ठेवलं की त्या सरळ रानात उतरतात. तरी त्या उतरण्याआधी तुम्ही स्वतः बांधावर जाऊन, मोठ्या आवाजात, एवढं सांगून टाका की बेलापूरला पीक कांदा आहे. मी इथं त्यांना उलटं शिकवलं आहे, आणि माझं शिकवणं वाया जात नाही. ही ओळ खरं म्हणजे पत्राच्या अगदी वर यायला हवी होती, पण आधी नमस्कार, मग कामाचं, अशी मला शिस्त आहे.